डब्यावरचा आकडा पाहून फिल्टर घेऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत घरातल्या प्लँटेड टँकवर, म्हणजे जिवंत रोपे लावलेल्या माशांच्या टाकीवर आलेला लेख वाचला. फोटो देखणे होते, रोपांची निवडही नवशिक्याला झेपेल अशी होती. पण फिल्टरवरचा परिच्छेद वाचून गप्प बसवेना. परवडेल तेवढा मोठा फिल्टर घ्या, तासाला टाकीच्या दहापट पाणी फिरलेच पाहिजे, जोडीला हवेचा पंप चोवीस तास चालू ठेवा आणि दर रविवारी फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुवा, अशा चार सूचना लेखकांनी दिल्या आहेत. पहिल्या तीन गोल्डफिशच्या उघड्या टाकीत एकवेळ चालतील. ज्या टाकीत रोपांनी मुळे धरली आहेत, तिथे चारांपैकी एकही जशीच्या तशी लागू पडत नाही. चौथी तर कुठल्याच टाकीत चालत नाही.

मी हे कशाच्या जोरावर म्हणते, ते आधी सांगते. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून झाली. जूनमध्ये कृष्णेला पहिले गढूळ पाणी आले की तुरटीचा डोस ठरवायचा, गाळणीतून निघालेल्या पाण्याचा गढूळपणा मोजायचा आणि गावाच्या टोकाच्या नळावर जाऊन शिल्लक क्लोरीनची ओटी टेस्ट करायची. नळीतले पाणी पिवळे झाले की क्लोरीन पोचला म्हणून सही. फिश टँकचा नाद मला निवृत्तीच्या आधीपासून आहे. त्यामुळे गाळणीची दोन्ही रूपे मी जवळून पाहिली आहेत, आणि माझ्या मते लोकांची गफलत होते ती इथेच. त्यांना वाटते, घरातला फिल्टर म्हणजे आमच्या जलशुद्धीकरण केंद्राची छोटी आवृत्ती. पाणी काचेसारखे दिसले की काम झाले!

पाणी नितळ असणे आणि माशांना सोसणारे असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या खाद्यातून अमोनिया सुटतो, तो डोळ्यांना दिसत नाही. फिल्टरमधले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन माशांना विषारी, तिसरे बरेच सौम्य. अमोनिया किती घातक ठरेल, हे पाण्याच्या पीएचवर, म्हणजे आम्ल-अल्कतेच्या मापावर अवलंबून असते. 25 अंशांना पीएच 7 असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच 8 झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो. आमच्या भागात बोअरचे क्षाराचे, सहसा चढ्या पीएचचे पाणी टाकीत भरणारे बरेच आहेत. नळाच्या पाण्यावर ज्याचे निभावते, त्याच हिशेबात बोअरवाल्याचे निभावेलच असे नाही.

आमच्या केंद्रातल्या जलद गाळण्या दाबाने उलटे पाणी सोडून धुतल्या जातात. त्यांचे काम मुख्यतः कचरा अडवण्याचे. त्यांच्या आधीच्या जमान्यातली मंद वाळू-गाळणी निराळी होती. 1829 मध्ये जेम्स सिम्प्सन यांनी लंडनला थेम्सच्या पाण्यासाठी तशी गाळणी बांधली, तेव्हा रोगजंतूंचे शास्त्र जन्मालाही आले नव्हते. त्या गाळणीत वाळूच्या वरच्या थरावर जिवाणूंची चिकट साय धरते आणि पाणी सुधारण्याचे मोठे काम तीच साय करते. फिश टँकचा फिल्टर या म्हाताऱ्या गाळणीच्या कुळातला. तो जिवंत आहे. त्याला क्लोरीनच्या नळाखाली धरून खसाखसा धुणे म्हणजे आतल्या कामकऱ्यांना एकदम नारळ देण्यासारखे आहे. पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे नळाच्या टोकाला लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन असावा लागतो, पावसाळ्यात तर आम्ही तो जास्तच ठेवत असू. तो तिथे जिवाणू मारण्यासाठीच असतो, आणि स्पंजमधले जिवाणू आपले आहेत हे त्याला कळत नाही. टाकीतले पाणी बदलताना बादलीत काढलेल्या जुन्या पाण्यात स्पंज दोन-चारदा दाबून काढावा, बस्स.

आता प्लँटेड टँकचे वेगळेपण. पाण्यातली बहुतेक रोपे नायट्रेटच्या आधी अमोनियाकडे, म्हणजे त्याच्या अमोनियम रूपाकडे वळतात, कारण ते त्यांना पचवायला सोपे जाते. भरघोस वाढणारी रोपे असली की जिवाणूंच्या तोंडचा घास तीच पळवतात. म्हणून अशा टाकीत जिवाणूंना घर म्हणून डबाभर सिरॅमिक रिंगा आणि बायोबॉल कोंबण्याची निकड राहत नाही. मात्र यात एक अट आहे. कोपऱ्यात एक अनुबियास आणि दगडावर चिमूटभर जावा मॉस लावून तिला प्लँटेड टँक म्हणत असाल, तर हे गणित विसरा. ती दोन्ही रोपे इतकी सावकाश वाढतात की माशांच्या घाणीला ती पुरी पडत नाहीत. हायड्रिला, वॅलिस्नेरिया, लिम्नोफिला अशी झपाट्याने वाढणारी रोपे हवीत आणि वरून बघताना तळाचा बराचसा भाग हिरव्याखाली झाकलेला हवा. (रोपे आणायची म्हणून कासच्या पठारावरचा वायतुरा, ती तिथली दुर्मीळ पाणवनस्पती, उपटून आणणारे महाभाग मला भेटले आहेत. तसले उद्योग कृपया कोणी करू नयेत.)

मग फिल्टर हवाच कशाला? पाणी हलते राहावे म्हणून. खत आणि कार्बन डायऑक्साइड प्रत्येक पानापर्यंत पोचावे, पृष्ठभागावर धरणारी तेलकट साय फुटावी, तरंगणारा कचरा एका जागी गोळा व्हावा आणि रात्री, जेव्हा रोपेही माशांसारखाच ऑक्सिजन घेत असतात, तेव्हा पाणी आणि हवा यांची गाठ पडत राहावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे शेवटचे काम जोखमीचे ठरते. 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसात. एप्रिल-मेमध्ये माझ्या टाकीचे पाणी तिशीच्या वरच असते.

लेखकांचा सल्ला सगळ्यात घसरतो तो हवेच्या पंपावर, कारण त्याच लेखात पुढे त्यांनी रोपांच्या वाढीसाठी कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर लावायलाही सांगितले आहे. सिलिंडरवाले लोक पाण्यात लिटरमागे साधारण 30 मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड राखू पाहतात. पाणी उघड्या हवेशी बरोबरी साधते तेव्हा त्यात जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिग्रॅमइतका उरतो. दिवसभर एअरस्टोनचे, म्हणजे हवेच्या पंपाच्या नळीला लावलेल्या सच्छिद्र दगडाचे बुडबुडे चालू ठेवले तर एका नळीने पैसे घालून वायू सोडायचा आणि दुसऱ्या नळीने हाकलायचा, असा प्रकार होतो. सिलिंडर असेल तर हवेचा पंप रात्री, दिवे आणि वायू बंद झाल्यावर लावावा. सिलिंडर नसेल तर मात्र बुडबुड्यांनी फारसे बिघडत नाही. दुपारी रोपांनी पाण्यातला वायू फस्त केलेला असतो, तेव्हा पृष्ठभाग हलता असणे उलट थोडेफार फायद्याचेच.

निवडीचा पहिला प्रश्न म्हणूनच हा, की सिलिंडर लावणार आहात का. दुसरा, तुमच्याकडे वीज किती वेळा जाते. टाकीचा आकार त्यानंतर. दुकानात मात्र पहिला प्रश्न बजेटचा असतो.

सिलिंडर नाही, टाकी दोन फुटांपर्यंतची, मासे मोजके आणि लहान, एवढेच असेल तर माझे मत ठाम आहे: हवेवर चालणारा स्पंज फिल्टर घ्यावा. दोन-तीनशे रुपयांची वस्तू, आत मोटर नाही, बिघडण्यासारखे काही नाही. झिंग्यांची पिल्ले त्यात ओढली जात नाहीत. फायटर माशाला त्याच्या झालरीसकट निवांत पोहता येते. टाकीत तो काळा ठोकळा दिसतो, ही तक्रार खरी आहे. मी त्याच्या पुढ्यात वॅलिस्नेरियाचा झुबका लावते. एक गोष्ट दुकानदार हमखास सांगायची विसरतात. हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा, किंवा नळीत दहा-वीस रुपयांचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटे उतरते आणि पंपासकट खालच्या एक्स्टेन्शन बोर्डात जाते.

टाकीच्या पाठीला अडकवायचा हँगिंग फिल्टर मधल्या आकाराला बरा. पाण्याची पातळी काठोकाठ ठेवली नाही तर त्याचा धबधबा होतो आणि सिलिंडरचा वायू उडतो, एवढे ध्यानात ठेवले की झाले. झाकणातला टॉप फिल्टर रोपांच्या टाकीत नकोच, कारण तो दिव्याचीच जागा खातो. आणि खड्यांखाली जाळी घालून चालणारा अंडरग्रॅव्हल, तो आता विसरून जावा. क्रिप्टोकोरीनसारखी रोपे ज्या गाळावर मुळांनी जगतात, त्यातूनच तो पाणी ओढत राहतो, आणि वर्षभरात मुळे जाळीत अशी गुंततात की एक रोप काढायला गेले तर सगळा तळ उचलून येतो. संप, म्हणजे मुख्य टाकीखाली ठेवलेली गाळण्याची वेगळी टाकी, मोठ्या टाकीवाल्यांसाठी ठीक. तीन फुटांच्या आत त्याचा खटाटोप करू नये.

राहिला कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर टेबलाखाली ठेवायचा डब्याचा फिल्टर. टाकी तीन फुटांच्या पुढे आणि सिलिंडर लावलेला असेल तर कॅनिस्टरला तोड नाही. बंद डबा, त्यामुळे वायू उडत नाही, आणि टाकीत दिसतात फक्त दोन नळ्या. पण लोक फसतात ते इथेच, डब्यावरच्या लिटरच्या आकड्याला.

आमच्याच कॉलनीतल्या एका कॉलेजच्या मुलाने दोन फुटांची टाकी केली. दोन बाय एक बाय एक फूट, म्हणजे 57 लिटर, आणि माती-दगड वजा करता पंचेचाळीसच्या आसपास. त्याला दुकानात ताशी 1400 लिटरचा कॅनिस्टर देण्यात आला. मोठा असला की कधीही चांगलाच, असे वर समजावूनही. मी पाहायला गेले तेव्हा निऑन टेट्रांचा सगळा थवा एका लाकडामागे तोंड प्रवाहाकडे करून नुसता शेपट्या मारत उभा होता. बाहेर आला की काचेला जाऊन लागत होता. पुढच्या बाजूचे नुकतेच लावलेले हेअर ग्रास उपटून कोपऱ्यात जमा झालेले, मातीला खड्डा पडलेला. नाकापेक्षा मोती जड. नवा फिल्टर परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता. मग आम्ही परतीच्या नळीला आडवा भोकांचा पाइप बसवून त्याचे तोंड मागच्या काचेकडे फिरवले आणि परतीच्या बाजूचा कॉक निम्मा बंद केला. ओढून घेणाऱ्या बाजूचा कॉक कधी आवळू नये, पंप कोरडा ओढू लागतो. दुसऱ्या दिवशी टेट्रा टाकीभर हिंडत होते.

उलट बाजूचीही फसवणूक आहेच. डब्यावरचा आकडा असतो तो रिकाम्या पंपाचा. आत स्पंज, रिंगा, कापूस भरला, पाणी टेबलाखालून टाकीच्या काठापर्यंत चढवायचे झाले की प्रत्यक्षात बऱ्याचदा निम्मेच हाती लागते. हे ओळखायला यंत्र लागत नाही. परतीची नळी टाकीच्या काठाच्याच उंचीवर धरलेल्या बादलीत सोडायची आणि घड्याळ लावायचे. बादली खाली जमिनीवर ठेवू नका, पाणी उतारावर पळते आणि आकडा फुगतो. दहा लिटर भरायला एक मिनिट लागले तर तासाला 600 लिटर. माझी टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे कागदावर 160 लिटर आणि खरे पाणी 130. तिला बादलीने मोजलेले 500 ते 600 पुरते, सिलिंडरवाल्याला थोडे जास्त लागेल. बादलीचा हा आकडा मिळाला की मग टाकीकडे बघावे. खाद्याची चिमूट चुरून पाण्यात सोडली की ती कुठे कुठे फिरते आणि कुठल्या कोपऱ्यात जाऊन थबकते ते दिसते. जिथे थबकते, तिथेच पुढे केसाळ शेवाळ धरते. पाणी कमी पडते म्हणून नवा फिल्टर आणण्याआधी नळीचे तोंड वळवून पाहावे. ओढणारी आणि सोडणारी नळी एकाच बाजूला ठेवली, तर पाणी टाकीच्या लांबीभर जाऊन समोरच्या काचेला लागते आणि तळाने परत येते. मधे मोठा दगड घातलात तर मात्र दगडामागची बाजू उपाशी राहते.

डब्यात काय भरावे, यावर फार लिहीत नाही. ओढलेले पाणी आधी जाड स्पंजातून, मग रिंगांतून, शेवटी कापसातून जावे. कोळशाची पिशवी कायमची ठेवण्यात अर्थ नाही. तो माशांना दिलेले औषध पाण्यातून काढायला उपयोगी, पण खतातल्या लोहाचाही काही भाग ओढतो आणि थोड्या आठवड्यांत भरून जातो. बाटलीतल्या 'तयार जिवाणूं'वर पैसे घालण्यापूर्वी लेबल वाचावे. नायट्राइटचे नायट्रेट करतो तो नायट्रोबॅक्टर, असे आम्ही पाठ्यपुस्तकांत शिकलो. पण टिमोथी होवानेक हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवले की गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम नायट्रोस्पायरासारखे जिवाणू करतात. अजूनही काही बाटल्यांवर जुनेच नाव असते. त्यापेक्षा ज्याची टाकी जुनी आणि निरोगी आहे, अशा ओळखीच्या माणसाकडून त्याच्या स्पंजाचे पिळलेले काळे पाणी मागून आणावे. फुकट मिळते.

धुवायचे कधी? आमच्या केंद्रात गाळणी तारखेवर धुतली जात नसे. गाळणीच्या वरच्या आणि खालच्या दाबातला फरक वाढला, हेड लॉस चढला, की बॅकवॉश, म्हणजे ती उलट्या पाण्याची धुलाई. घरीही तेच करावे. प्रवाह नजरेला कमी वाटू लागला की डबा उघडावा. कापूस बदलावा, स्पंज पिळावा, रिंगांना शक्यतो हात लावू नये. माझ्या टाकीत हे दोन-अडीच महिन्यांनी येते, जास्त मासेवाल्यांकडे लवकर येईल.

आता विजेचे, ज्याचा त्या लेखात उल्लेखसुद्धा नाही. लेखक बहुधा मुंबईत राहत असावेत. आमच्याकडे वळवाचा पाऊस आला की वीज जाते, आणि 2019 च्या ऑगस्टमधला महापूर तर सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. आमच्या गल्लीत पाणी शिरले नाही, पण वीज गेली ती कैक दिवस, आणि नळही बंद. प्यायच्याच पाण्याची मारामार, टाकीचे कोण बघतो? माझी टाकी खिडकीशेजारी, रोपांनी गच्च आणि मासे थोडे. खाद्य बंद केले आणि सकाळ-संध्याकाळ तांब्याने टाकीतलेच पाणी काढून वरून धार सोडत राहिले. मासे तगले. ढगाळ उजेडातही रोपांनी त्यांना सांभाळले, असेच मी मानते. त्याच दिवसांत माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी, मासे भरपूर, रोपे नावाला आणि कॅनिस्टर मोठा. बंद डब्यातल्या जिवाणूंनी आतला ऑक्सिजन काही तासांतच संपवला आणि मग आत सगळे सडत राहिले. वीज आल्या क्षणी पंप आपोआप सुरू झाला आणि ते काळे, कुजक्या अंड्याच्या वासाचे पाणी टाकीत आले. तोवर कसेबसे वाचलेले मासे त्या संध्याकाळी गेले.

म्हणून कॅनिस्टरवाल्यांना माझे सांगणे आहे. तुमच्या फिल्टरची मोटर 15-20 वॉटची असते, घरात इन्व्हर्टर असेल तर तिचा पिन त्या बोर्डात लावा. पंख्यापेक्षा कितीतरी कमी खाते. इन्व्हर्टर नसेल आणि वीज बराच वेळ गेली असेल, तर ती येण्याआधी पिन काढून ठेवा, डबा उघडून आतले पाणी मोरीत ओता, टाकीच्या पाण्याने रिंगा विसळा आणि मगच चालू करा. आणि कॅनिस्टर असला तरी टाकीच्या कोपऱ्यात एक छोटा स्पंज फिल्टर कायम ठेवा, बॅटरीवर चालणाऱ्या हवेच्या पंपासह. माझ्याकडे आज हीच जोडी आहे. कोणी पाहुणे विचारतात, एवढ्याशा टाकीला दोन-दोन फिल्टर कशाला, त्यांना मी ऑगस्टमध्ये या म्हणते.

संपादक महाराज, पत्र लांबले. सगळे छापायला जागा नसेल तर निदान दोन ओळींची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत यावी: सिलिंडर चालू असताना दिवसा हवेचा पंप लावू नये, आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये. बाकी बाबतींत लेखकांचे आणि माझे मतभेद राहिले तरी चालेल. आणखी एक, त्यांनी उत्तर द्यायचे ठरवले तर त्यांची टाकी किती लिटरची, मासे किती आणि बादलीने मोजलेला प्रवाह किती, हे तीन आकडे जरूर द्यावेत. मग बोलणे सोपे होईल.

माझे नाव छापू नये ही विनंती. आमच्या गावात फिश टँकची दुकाने मोजकीच आहेत, आणि माशांचे खाद्य मला अजून तिथूनच आणायचे असते.

कळावे,
आपली एक वाचक
(निवृत्त केमिस्ट, पाणीपुरवठा)
विश्रामबाग, सांगली